निष्ठा आणि पैज

एखादा खेळ पाहावयास मनुष्य पैसे देतो, आणि त्याच खेळावर पैज लावावयासही मनुष्य पैसे देतो. दोन्ही वेळां पैसा त्याचाच, मैदान तेंच आणि खेळणारे गडीही तेच. असें असतां पहिलें कृत्य निर्दोष व दुसरें सदोष, असें आपण कोणत्या आधारावर म्हणतों? "जुगार वाईट आहे" हें वाक्य लहानपणापासून कानांवर पडल्यामुळें आपण तें मान्य करतों. परंतु जें केवळ ऐकून मान्य केलें, तें मोहाच्या प्रसंगीं टिकत नाहीं. म्हणून त्याचें कारण शोधून काढणें हें प्रत्येक विचारी माणसाचें कर्तव्य आहे.

ह्या शोधासाठीं आपण आज ऑस्ट्रेलिया देशाकडे पाहूं. तेथील न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड ह्या दोन प्रांतांत रग्बी लीग नांवाचा खेळ अत्यंत लोकप्रिय आहे. त्या खेळावरील लोकांचें प्रेम, तो चालविणाऱ्यांची व्यापारी महत्त्वाकांक्षा आणि त्या दोहोंच्या अंगावर वेलीप्रमाणें चढलेला जुगार, ह्या तिहींचा संबंध तेथें इतका स्पष्ट दिसतो कीं, आपल्या प्रश्नाचा उलगडा करावयास त्याहून सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

हा खेळ तेरा तेरा गड्यांच्या दोन संघांमध्यें ऐंशी मिनिटें चालतो. लांबट चेंडू छातीशीं धरून धांवावयाचें, समोरच्यांनीं अंगावर झेंप घालून पाडावयाचें, पुन्हां उठावयाचें व पुन्हां धांवावयाचें. आपल्या जत्रेंतील कुस्त्यांचा फड ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस ह्या खेळांत बळाचा, दमाचा व जिद्दीचा कस कसा लागत असेल, हें सहज कळेल.

ह्या खेळाचा जन्मही लक्षांत ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांतील गिरण्यांत व खाणींत राबणारे मजूर रग्बी खेळत. खेळासाठीं कामाचा खाडा झाला म्हणजे तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबानें भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. परंतु खेळाच्या चालकांत सुखवस्तु मंडळींचें वजन होतें, व खेळण्याबद्दल पैसे घेणें त्यांस हलकेपणाचें वाटे. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत जमून उत्तरेकडील क्लबांनीं आपली वेगळी संघटना स्थापिली. ऑस्ट्रेलियांतही पुढें तसेंच घडलें. १९०७ सालीं अॅलेक्स बर्डन नांवाचा सिडनीचा एक गडी खेळतांना जायबंदी झाला. त्याचें उत्पन्न बुडालें, आणि खेळाच्या संघटनेनें भरपाई दिली नाहीं. अशा असंतोषांतून तेथेंही नवी लीग निघाली व १९०८ सालीं तिचे सामने सुरू झाले.

म्हणजे ह्या खेळाच्या मुळाशींच पैशाचा प्रश्न आहे. परंतु तो मजुरीचा प्रश्न आहे. श्रम करणाऱ्यास श्रमाचें मोल मिळावें आणि खेळ केवळ सुखवस्तूंची मिरास राहूं नये, हा त्यांतील न्याय आहे. म्हणून खेळांत पैसा शिरला हीच मूळ चूक, असें जे म्हणतात त्यांचें म्हणणें आपणांस स्वीकारतां येत नाहीं. पैसा कोणाकडून, कशाबद्दल आणि कोणत्या मार्गानें येतो, हा खरा प्रश्न आहे.

आतां लोकांच्या निष्ठेकडे वळूं. सिडनी शहराचे पहिले क्लब बहुतेक एकेका वस्तीच्या नांवाचे होते: बाल्मेन, ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी. ज्या गल्लींत मनुष्य जन्मला तिचा संघ तो त्याचा संघ. त्या वस्त्यांत कारखान्यांतले, गोदींतले व रेल्वेंतले कामगार राहत. आठवडाभर ज्याचें नांव कोणी विचारीत नसे, तो शनिवारीं आपल्या संघाचे रंग अंगावर घालून मान वर करून चाले. बापानें मुलास खांद्यावर बसवून मैदानावर न्यावें, पुढें त्या मुलानें आपल्या मुलास न्यावें, अशी ती परंपरा.

ह्या निष्ठेची कसोटी पाहणारा प्रसंग गेल्या शतकाच्या अखेरीस आला. खेळ दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा हक्क आपल्या हातीं असावा म्हणून दोन बलाढ्य भांडवलदारांच्या पक्षांत १९९५ सालीं झगडा सुरू झाला. रूपर्ट मर्डोक ह्यांच्या कंपनीनें "सुपर लीग" नांवाची प्रतिस्पर्धी स्पर्धा उभारली. गडी व क्लब दोन्ही पक्षांनीं भरमसाट पैसे देऊन बांधून घेतले. आणि १९९७ सालीं एकाच देशांत दोन वेगळ्या स्पर्धा चालल्या. त्या वर्षाच्या अखेरीस तडजोड होऊन १९९८ पासून नॅशनल रग्बी लीग ही एकच स्पर्धा झाली. परंतु २००० सालापर्यंत संघांची संख्या चौदावर आणण्याचें ठरलें. त्यासाठीं कित्येक जुन्या क्लबांचीं जोडपीं लावण्यांत आलीं. साउथ सिडनी हा १९०८ सालचा पहिला विजेता क्लब. त्यास हिशेबांत न बसणारा ठरवून १९९९ च्या हंगामानंतर स्पर्धेबाहेर काढलें.

तेव्हां त्या वस्तींतील लोकांनीं काय केलें? ते रस्त्यावर आले. ऑक्टोबर १९९९ मध्यें सुमारें चाळीस हजार आणि नोव्हेंबर २००० मध्यें सुमारें ऐंशी हजार लोक सिडनीच्या रस्त्यांवरून मिरवणुकीनें चालले. न्यायालयांतील दाव्यासाठीं सामान्य लोकांनीं आपापल्या खिशांतून पैसे घातले. जुलै २००१ मध्यें फेडरल न्यायालयाच्या पूर्ण पीठानें क्लबाच्या बाजूनें निकाल दिला, आणि २००२ सालीं संघ पुन्हां मैदानावर उतरला. पुढें २००३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें कायद्याचा मुद्दा कंपनीच्या बाजूनें ठरविला, तरी क्लबास पुन्हां बाहेर काढण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. २०१४ सालीं त्याच क्लबानें ४३ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविलें.

ह्या हकीकतींत एक नैतिक तत्त्व आहे. क्लब कागदोपत्रीं कोणाच्याही मालकीचा असो. ज्यांच्या प्रेमावर तो जगतो त्यांचा त्यावर कांहीं हक्क असतो. विकत घेतलेल्या मालावरील हक्कापेक्षां हा हक्क वेगळा आहे. एका दुकानाचें तेल न आवडल्यास गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जातें. परंतु संघ हरला म्हणून खरा चाहता दुसऱ्या संघाकडे जात नाहीं. तो जाऊं शकत नाहीं, हेंच त्याच्या प्रेमाचें लक्षण आणि हीच त्याची असहायता. अशा माणसाशीं व्यवहार करणाऱ्यावर साध्या दुकानदाराहून अधिक जबाबदारी येते, कारण समोरचा मनुष्य सौदा मोडून उठून जाणार नाहीं हें त्यास पक्कें ठाऊक असतें. ज्याचें आपणावर प्रेम आहे त्याच्याशीं व्यवहार करतांना अधिक जपावें, हें आपण कुटुंबांत मानतों. सार्वजनिक संस्थांसही तोच नियम कां लागूं नये?

ही जबाबदारी कशी पाळली गेली, हें आतां पाहूं. २०१२ सालीं खेळाचा कारभार एका स्वतंत्र आयोगाकडे आला, आणि त्याच्या योजना उत्तरोत्तर मोठ्या होत गेल्या. २०२३ सालीं डॉल्फिन्स हा सतरावा संघ आला. पर्थचा नवा संघ २०२७ सालीं आणि पापुआ न्यू गिनीचा २०२८ सालीं घ्यावा असें ठरलें. पापुआच्या योजनेसाठीं ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देण्याचें डिसेंबर २०२४ मध्यें जाहीर केलें. पापुआंत हा खेळ राष्ट्रीय खेळासारखा मानला जातो. तेव्हां तेथील लोकांस स्वतःचा संघ मिळणें ही आनंदाचीच गोष्ट होय. खेळ वाढावा, तो दूरदेशीं जावा, ह्यांत निंद्य असें कांहीं नाहीं.

परंतु २ मार्च २०२४ रोजीं हंगामाचे पहिले दोन सामने अमेरिकेंतील लास व्हेगस येथें खेळविण्यांत आले, त्याचा हेतु नीट पाहिला पाहिजे. मैदानावर चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. हें शहर जुगारासाठीं जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेंत खेळांवरील पैजांना बहुतेक ठिकाणीं असलेली मनाई तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१८ मधील निकालानें उठली, आणि एक प्रचंड बाजार खुला झाला. त्या बाजाराचा वांटा मिळावा, हा आपला एक हेतु असल्याचें खेळाच्या चालकांनीं लपविलें नाहीं. उघडपणें बोलून दाखविलें. आयोगाचें अध्यक्षपद २०१९ सालीं ज्या पीटर व्ह्लांडिस ह्यांच्याकडे आलें, ते न्यू साउथ वेल्समधील घोड्यांच्या शर्यतींच्या संस्थेचेही मुख्याधिकारी होते. लावलेल्या पैजांवर बुकींकडून शुल्क घ्यावें, ही पद्धति शर्यतींच्या क्षेत्रांत त्यांनींच न्यायालयापर्यंत लढून पक्की करून घेतली होती. खेळांसही तसेंच शुल्क मिळतें. म्हणजे सामन्यावर जितकी अधिक पैज लागेल, तितकी खेळाच्या तिजोरींत अधिक भर. तेव्हां चाहत्यानें पैज लावावी कीं नाहीं, ह्याविषयीं खेळाचे चालक तटस्थ राहूं शकत नाहींत. त्यांचें हित एका बाजूस बांधलेलें आहे.

ह्याहून जुनें बंधन आहे तें जुगाराच्या यंत्रांचें. न्यू साउथ वेल्समध्यें १९५६ सालीं नोंदणी झालेल्या क्लबांस पोकर मशीन ठेवण्याची कायद्यानें मोकळीक मिळाली. लोक त्यांस "पोकी" म्हणतात. प्रत्येक मोठ्या संघाच्या नांवानें "लीग्ज क्लब" उभे राहिले. तेथें स्वस्त जेवण, गाणें-बजावणें, बसावयास उबदार जागा, आणि भिंतीला लागून यंत्रांच्या रांगा. त्या एका प्रांतांत ऐंशी हजारांहून अधिक यंत्रें आहेत. ह्या यंत्रांच्या पैशांतून संघ पोसले गेले, मैदानें बांधलीं गेलीं, मुलांचे संघ चालले.

यंत्राचें गणित साधें आहे. लावलेल्या पैशांपैकीं सरासरीनें निदान शेंकडा ८५ परत मिळाले पाहिजेत, असा त्या प्रांताचा कायदा आहे. ऐकणाऱ्यास वाटतें, शंभरांतले पंधराच जातात. परंतु परत आलेले पैसे मनुष्य पुन्हां त्याच यंत्रांत घालतो. शंभराचे पंचाऐंशी, पंचाऐंशीचे बहात्तर, बहात्तराचे एकसष्ट. अशा दहा फेऱ्या झाल्या म्हणजे सरासरीनें शंभराचे वीसही उरत नाहींत. आणि एक फेरी फिरावयास कांहीं सेकंद पुरतात.

आज ह्या यंत्रांच्या जोडीस मोबाइल आला आहे. पूर्वीं पैज लावावयास उठून कोठें तरी जावें लागे. आतां रात्रीं अंथरुणांत पडल्या पडल्या ती लागते. कोण जिंकेल एवढ्यावरच नव्हे, तर पहिला गुण कोण मिळवील, कितव्या मिनिटास मिळवील, अशा चार गोष्टी एकत्र बांधूनही पैज घेतली जाते. बांधलेल्या प्रत्येक गोष्टींत बुकीचा नफा असतो, आणि गोष्टी जितक्या अधिक तितका तो नफा वाढत जातो. जो गिऱ्हाईक वारंवार जिंकतो त्याच्या पैजेवर मर्यादा घालतात. जो हरतो त्यास फुकट पैजेचें आमिष दाखवून परत बोलावतात. वाचकहो, ही रीत लक्षांत घ्या. जेथें जिंकणाऱ्यास दार बंद आणि हरणाऱ्यास पायघड्या, तेथें "नशिबाची परीक्षा" हा शब्द तरी खरा आहे काय?

ह्या सर्वांचा एकंदर हिशेब असा: २०२२-२३ ह्या वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या लोकांनीं सर्व प्रकारच्या जुगारांत मिळून सुमारें ३,१५० कोटी डॉलर गमावले. लहान मुलेंही धरून माणशीं सुमारें १,२०० डॉलर. दरडोई इतकी हानि दुसऱ्या कोणत्याही देशांत होत नाहीं असें मानतात. ह्यांतला मोठा भाग यंत्रांचा, आणि पैजांचा भाग झपाट्यानें वाढणारा.

आतां ह्या व्यवस्थेच्या बाजूनें जें बोललें जातें, तें प्रामाणिकपणें ऐकून घेतलें पाहिजे.

पहिला आक्षेप: मनुष्य स्वतंत्र आहे, पैसा त्याचा, इच्छा त्याची, इतरांनीं मध्यें पडूं नये. ह्यांत तथ्य आहे. परंतु तेथील सरकारच्या उत्पादकता आयोगानें २०१० सालीं केलेला अंदाज पाहा. यंत्रांत जाणाऱ्या पैशांपैकीं सुमारें शेंकडा ४० पैसे हे ज्यांस जुगाराचें व्यसन जडलें आहे अशा थोड्या लोकांचे होते. म्हणजे ह्या धंद्याचा मोठा आधार जो मौजेखातर दोन डॉलर टाकून उठतो तो नव्हे. ज्यास उठवत नाहीं तो. ज्याची इच्छाच बांधली गेली, त्याच्या इच्छेचें नांव पुढें करून स्वतःस निर्दोष म्हणविणें हें न्यायाचें नाहीं. पूर्वीं तेथील जाहिरातींच्या शेवटीं "जबाबदारीनें खेळा" असा उपदेश असे. सर्व लोकांनीं तो उपदेश मनावर घेतला असता तर उपदेश करणाऱ्यांचेंच दिवाळें निघालें असतें. जो उपदेश ऐकला जाऊं नये अशी उपदेशकाचीच आशा आहे, तो उपदेश कसला? २०२३ सालीं सरकारनें तो बदलून, तुम्ही बहुधा हरणार आहां, अशा अर्थाचे शब्द घालावयास लावले. निदान ते शब्द खरे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक मनाला भिडणारा आहे: ह्या पैशांतून पुष्कळ चांगलीं कामें होतात. मुलांस मैदान मिळतें, म्हाताऱ्यांस दुपारीं बसावयास जागा मिळते. हें खरें आहे, आणि तें नाकबूल करणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु असें समजा कीं, एखाद्या गांवांत दारूच्या गुत्त्याचा मालक शाळेचें छप्पर घालून देतो. छप्पर चांगलें आहे. त्याखालीं बसणाऱ्या मुलांस पाऊस लागत नाहीं. परंतु त्यांतल्या कांहीं मुलांच्या घरचें छप्पर त्याच गुत्त्यानें उडविलेलें आहे. मग त्या देणगीस दान म्हणावें कीं परतफेड, आणि परतफेड म्हटली तर ती पुरी झाली काय? शिवाय देणगीबरोबर मौनही येतें. ज्या संस्थेचें छप्पर गुत्त्याचें, तिच्या गुरुजींस दारूविरुद्ध धडा शिकविणें जड जातें. ज्या क्लबांचे दिवे यंत्रांवर जळतात, ते यंत्रांविरुद्ध बोलत नाहींत. उलट बोलणाऱ्यांविरुद्ध उठतात. टास्मानियाचे प्रतिनिधि अँड्र्यू विल्की ह्यांनीं २०१० सालीं अशी योजना पुढें आणली कीं, यंत्रावर बसणाऱ्यानें आपण किती गमावावयास तयार आहों हें आधींच ठरवून द्यावें. एवढ्या साध्या मर्यादेविरुद्ध क्लबांच्या संघटनेनें देशभर मोहीम केली, आणि जानेवारी २०१२ मध्यें सरकारनें माघार घेतली.

तिसरा आक्षेप: हा तेथील जुना रिवाज आहे. १८६१ पासून मेलबर्न कप नांवाची घोड्यांची शर्यत चालू आहे, व त्या दिवशीं त्या शहरांत सुटी असते. २५ एप्रिलला युद्धांतील मृतांचें स्मरण झाल्यावर लोक दोन नाणीं उडवून "टू-अप" खेळतात. होय, परंतु टू-अपच्या वर्तुळांत उभे असणारे सगळे बरोबरीचे असतात. दोघांच्याही डोळ्यांदेखत नाणें पडतें, आणि संध्याकाळीं खेळ संपतो. तेथेंही एकाचा लाभ हा दुसऱ्याचाच तोटा असतो, म्हणून तो खेळ मी सर्वस्वी निर्दोष म्हणणार नाहीं. आपल्याकडील विक्रीमेळ्यांतल्या सोडतींविषयींही आपण कधीं तरी शांतपणें विचार करावा. परंतु कधींही न थकणारें यंत्र आणि थकलाभागला मजूर ह्यांच्यामधील सामन्यास टू-अपची उपमा देणें म्हणजे मोठ्या अपराधानें लहान दोषाच्या पदराआड लपणें होय.

चौथा आक्षेप: बंदी केली तर जुगार चोरून चालेल, आणि खेळ उपाशी मरेल. ह्याचें उत्तर त्याच देशांत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया ह्या प्रांतांत पोकर मशीन केवळ पर्थच्या कॅसिनोंत आहेत. गल्लोगल्लीच्या क्लबांत व खानावळींत तीं नाहींत. तरी तेथें खेळ चालतात, क्लब चालतात, मुलें मैदानावर धांवतात. मेलबर्नकडील दुसऱ्या एका फुटबॉलच्या खेळांतील नॉर्थ मेलबर्न, कॉलिंगवुड अशा क्लबांनीं आपलीं यंत्रें सोडून दिलीं, आणि ते क्लब बुडाले नाहींत.

आतां मूळ प्रश्नाकडे परत येऊं. तिकीट आणि पैज ह्यांत भेद कोणता? मनुष्य तिकीट घेतो तेव्हां तो कांहीं देतो आणि कांहीं घेऊन घरीं जातो. त्याला खेळ पाहावयास मिळाला. गड्यास मजुरी मिळाली. दोघेही आदल्यापेक्षां समाधानी. पैजेंत तसें नाहीं. बुकीस जें मिळालें तें तंतोतंत तेवढेंच कोणी तरी गमावलेलें आहे, आणि त्याच्या बदल्यांत गमावणाऱ्याच्या हातीं कांहीं पडलेलें नाहीं. तिकीट विकणाऱ्यास आपला चाहता सुखी, कमावता व दीर्घायुषी असावा असें वाटतें, कारण तसा असला तरच तो पुढल्या शनिवारीं येईल. पैजेच्या उत्पन्नाचा ज्यास वांटा मिळतो, त्याचें सुख चाहत्याच्या हानीनें मोजलें जातें. इच्छा असो वा नसो, तो आपल्याच माणसाच्या तोट्यावर डोळा ठेवून बसतो. शेजाऱ्याचें अहित झाल्यावांचून ज्या लाभाची प्राप्ति होत नाहीं, त्या लाभाची इच्छा धरणें हेंच लोभाचें मूळ रूप. आणि हेंच पैज सदोष असण्याचें खरें कारण होय.

रग्बी लीगच्या बाबतींत हा दोष दुप्पट होतो, कारण येथें ज्याचा तोटा होतो तो परका नाहीं. ज्या वस्तींतील लोकांनीं क्लब वांचविण्यासाठीं मिरवणुका काढल्या, तसल्याच वस्त्यांत यंत्रांच्या रांगा आहेत. ज्या निष्ठेनें खेळ जगला, तिच्याच वाटेनें पैजेची जाहिरात घरांत शिरते. २०१३ सालीं शुक्रवारच्या सामन्यांच्या दूरचित्रवाणीवरील वर्णनांत एक बुकी समालोचकांच्या पंक्तीस येऊन बसूं लागला, तेव्हां पालक खवळून उठले. मुलांस गड्याचें नांव कळण्याआधीं पैजेचा भाव कळूं लागला, ही त्यांची तक्रार होती. त्याच वर्षीं सामना चालू असतां भाव सांगण्यास आळा घालण्यांत आला. परंतु जाहिराती निरनिराळ्या रूपांनीं चालूच राहिल्या.

पैज केवळ प्रेक्षकास बिघडवीत नाहीं, खेळासही बिघडविते. २१ ऑगस्ट २०१० रोजीं एका सामन्यांत पहिले गुण प्रतिपक्षास दंडाच्या लाथेनें मिळतील, अशी पैज मोठ्या प्रमाणांत लावली गेली. एका गड्यानें आपल्याच गोलाजवळ मुद्दाम चूक करून दंड ओढवून घेतला. परंतु प्रतिपक्षानें लाथ न मारतां चेंडू घेऊन धांव घेतली व वेगळ्या रीतीनें गुण मिळविले, पैज बुडाली. पुढें न्यायालयानें त्या गड्यास दोषी ठरविलें. पैज जिंकली नाहीं म्हणून तो लबाडींतून सुटला नाहीं, हें योग्यच झालें. परंतु त्या दिवसापासून चेंडू हातून निसटला कीं, पाहणाऱ्याच्या मनांत एक शंका येऊं लागली. आणि चाहत्याचा जो विश्वास एकदां उडाला तो भरून देणारें शुल्क कोणत्याही बुकीजवळ नाहीं.

ह्या अंधारांत दिवे अगदींच नाहींत असें नाहीं. बाप्टिस्ट पाळक टिम कॉस्टेलो ह्यांनीं जुगाराच्या सुधारणेसाठीं कित्येक वर्षें आवाज उठविला आहे. पीटा मर्फी नांवाच्या बाई ऑस्ट्रेलियाच्या लोकसभेच्या सभासद होत्या. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें जून २०२३ मध्यें ३१ शिफारशी केल्या. त्यांत तीन वर्षांत ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती टप्प्याटप्प्यानें पूर्ण बंद कराव्या ही मुख्य होती. निरनिराळ्या पक्षांच्या सभासदांनीं ती एकमतानें केली. मर्फीबाई तेव्हां कर्करोगानें आजारी होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या वारल्या. स्वतःस पैजेपासून दूर ठेवूं इच्छिणाऱ्यांसाठीं ऑगस्ट २०२३ मध्यें राष्ट्रीय नोंदवही उघडली; जून २०२४ पासून क्रेडिट कार्डानें ऑनलाइन पैज लावण्यास बंदी झाली. परंतु जाहिरातींची मुख्य शिफारस मात्र सरकारनें २०२४ च्या अखेरीस पुढें ढकलली. खेळांच्या संस्था, दूरचित्रवाणीवाले व बुकी ह्यांचा दाब मोठा होता.

हें वाचून "तो देश दूर, तो खेळ परका" असें म्हणून आपण सुटत नाहीं. मुंबई इलाख्यांत जुगारबंदीचा कायदा १८८७ सालींच झाला. तरी पुढें मटक्यानें गिरणगांवांतलीं किती घरें धुऊन नेलीं, हें जुन्या लोकांस ठाऊक आहे. अलीकडे मोबाइलवर क्रिकेटचा काल्पनिक संघ बनवून पैसे लावण्याचा प्रघात पडला. तो चालविणाऱ्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हन कंपनीचें नांव २०२३ सालीं भारतीय संघाच्या सदऱ्यावर झळकलें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, व तें नांव सदऱ्यावरून उतरलें. कायदा झाला म्हणून लोभ गेला असें नाहीं. द्यूताच्या पटावर धर्मराज म्हणविणाऱ्यासही थांबतां आलें नाहीं, ही कथा आपल्या देशांतील लहान मुलासही ठाऊक आहे. पहिला डाव हरल्यावर हरलेलें परत मिळवावें ही जी ओढ, तिच्यापुढें विद्या व कुल चालत नाहीं. म्हणून मनुष्यास सावरावयाचें तर पट मांडण्यापूर्वींच सावरलें पाहिजे.

तेव्हां मुलांस खेळूं द्या, खेळ पाहूं द्या, आपल्या संघासाठीं घसा बसेपर्यंत ओरडूं द्या. निष्ठा ही चांगली शक्ति आहे. ती मनुष्यास स्वतःच्या बाहेर पाहावयास शिकविते. परंतु ज्याच्यावर त्यांचें प्रेम आहे, तो त्यांच्या सुखानें सुखी होतो कीं त्यांच्या तोट्यानें श्रीमंत होतो, हें विचारावयासही त्यांस शिकवा. आणि आपल्यापैकीं ज्यांच्या हातीं एखादी मंडळी, शाळा, तालीम किंवा पतपेढी आहे, त्यांनीं हाच प्रश्न आधीं स्वतःस विचारावा: जीं माणसें विश्वासानें आपल्याकडे येतात, त्यांच्या कोणत्या दुर्बलतेवर आपलें कांहीं चाललें आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना ज्यास खालीं पाहावें लागत नाहीं, त्यानेंच दुसऱ्याच्या जुगारास नांवें ठेवावीं.